फरारी वॉरंट

पकड-वॉरंट माणसाला शोधीत येते, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. हवालदाराने दारात उभे राहून नाव पुकारावे, ज्याचे नाव पुकारले गेले त्याने मागल्या दाराने मावशीच्या गावाची वाट धरावी, घरच्या वडीलधाऱ्या बाईने "ते पंढरपूरला गेले आहेत" असे निर्विकार मुद्रेने सांगावे, आणि हवालदारानेही चहाचा पेला रिकामा करून "इसम मजकूर मिळून आला नाही" असा शेरा मारून परत फिरावे, हा या व्यवहाराचा शिरस्ता मी लहानपणापासून पाहत आलो आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ग्रामीण भागात मात्र या दोन पक्षांनी आपापल्या भूमिका बदलून घेतल्या आहेत. तेथे वॉरंट कचेरीच्या दप्तरात स्वस्थ पहुडलेले असते, त्याला मुदत नसते, घाई नसते आणि पायही नसतात. वणवण करावयाची ती इसम मजकुराने.

या विद्येशी माझा परिचय झाला तो माझ्या मेहुण्यांच्या कृपेने. ते ह्यूस्टनला असतात, आणि मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाला निसर्गाची जी नियतकालिक उबळ येते तिच्या आहारी जाऊन ते काही वर्षांपूर्वी बिग बेंडचे राष्ट्रीय उद्यान पाहावयास गेले होते. परतताना एका गावाच्या वेशीवर वेगमर्यादा एकाएकी खाली उतरली आणि मेहुणे उतरले नाहीत. शेरीफच्या शिपायाने अत्यंत आदरपूर्वक त्यांना 'सर' म्हटले आणि एका कागदावर त्यांची सही घेतली. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, तर अमुक मुदतीत न्यायालयात रुजू होईन असे वचन असते. ते मोडले की वेगाचा गुन्हा राहतो बाजूला, वचनभंगाचा दुसरा गुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि गैरहजर राहिलेल्याला धरून आणावे असा हुकूम न्यायासनावरून सुटतो. तेच हे बेंच वॉरंट. मेहुण्यांनी मध्यंतरी घर बदलले, न्यायालयाची पत्रे जुन्या पत्त्यावर इमानेइतबारे जात राहिली, आणि वाहन-परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते रांगेत उभे राहिले तेव्हा खिडकीतील बाईंनी त्यांना एका दूरच्या काउंटीचे नाव सांगून, तेथील प्रकरण मिटल्याखेरीज परवाना मिळणार नाही, असे कळविले. त्या काउंटीचे नाव मी येथे लिहीत नाही; मेहुण्यांना पुन्हा बिग बेंडला जावयाचे आहे.

"भाऊजी, मला अटक होणार का हो?" असा त्यांचा फोन त्याच रात्री आला. माझे ज्ञान तोवर शून्य होते. परंतु त्यांच्या भोवती जमलेल्या मराठी मंडळींचे ज्ञान अथांग होते. एकाने सांगितले की कुणाला काही विचारू नका, विचारणाराच प्रथम बेड्यांत जातो. दुसऱ्याने अ‍ॅटवॉटर खटल्याचा दाखला दिला. याच टेक्सासातील लागो व्हिस्टा गावी सुरक्षापट्टा न लावल्यामुळे एका गृहिणीला बेड्या घालून नेण्यात आले, ज्या गुन्ह्याला दंड अधिकात अधिक ५० डॉलर त्या गुन्ह्यासाठी. आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही अटक घटनेला धरूनच झाली असे ठरविले. मेहुण्यांचा चेहरा उतरला. तेव्हा तिसऱ्याने उतारा म्हणून १९७१ चा टेट खटला काढला. ह्यूस्टनच्याच या निर्धन गृहस्थाचा वाहतुकीचा दंड साचून ४२५ डॉलर झाला होता, तो भरता येईना म्हणून दिवसाला ५ डॉलर या दराने ८५ दिवसांचा तुरुंगवास त्याच्या वाट्यास आला, आणि केवळ दारिद्र्यापायी दंडाचे रूपांतर कैदेत करता येणार नाही असा निर्णय त्याच सर्वोच्च न्यायालयाने दिला. मेहुण्यांना याने धीर यावयाचा, परंतु ते तेल कंपनीत बऱ्या पगारावर असल्यामुळे दारिद्र्याचा बचाव त्यांना उपलब्ध नव्हता.

त्यातच दोन दिवसांनी एका भारदस्त आवाजाने त्यांना फोनवरून कळविले की तुमच्या नावे वॉरंट आहे आणि दुकानातून गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक आम्हांस सांगितल्यास ते रद्द होईल. हा तोतया होता, हे सांगणे नलगे. या धंद्याचा तिकडे सुळसुळाट आहे. पण मला खेद वाटला तो असा की खऱ्या वॉरंटाने इतक्या वर्षांत जी आस्था दाखविली नव्हती ती या खोट्या वॉरंटाने दाखविली.

मी तेव्हा मुलीकडे डॅलसला मुक्कामाला होतो. सबब शोधकार्याचे अध्यक्षपद मजकडे आले. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. लव्हिंग नावाची एक काउंटी अशी की २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ६४ भरली, आपल्याकडे एखाद्या बारशालाही याहून अधिक माणसे येतात; तरी शेरीफ, न्यायाधीश आणि दप्तर हा सगळा सरंजाम तिलाही आहेच. अशा प्रत्येक परगण्याचे दप्तर निराळे, चालीरीती निराळ्या आणि जेवणाची सुट्टीही निराळी. जाणकार वकील सांगतात की चौकशी शेरीफकडे न करता न्यायालयाच्या कारकुनाकडे करावी, कारण शेरीफचे काम धरण्याचे आणि कारकुनाचे काम मिटविण्याचे. त्याप्रमाणे फोन केला. पलीकडच्या कारकूनबाईंनी मेहुण्यांचे आडनाव अक्षर-अक्षर लिहून घेतले, बराच वेळ शोधले आणि आनंदाने सांगितले की या नावाचा कोणीही इसम आम्हांला नको आहे. परवान्याची कचेरी म्हणते प्रकरण आहे, न्यायालय म्हणते माणूसच नाही. निर्दोष सुटण्याचा हा प्रकार मेहुण्यांना इतका आवडला की ते फोन ठेवू लागले. मी मात्र अव्वल कारकुनाचा जावई आहे. रकाना चुकल्यावाचून कागद हरवत नाही, हे तत्त्व मी सासुरवाडीत अनेक वेळा ऐकले होते. मी बाईंना सांगितले की आमच्यात मधले नाव वडिलांचे असते, ते आडनावाच्या रकान्यात पाहा. चार कळा दाबल्याचा आवाज आला आणि बाई उद्गारल्या, "अहो, हे काय सापडले!"

म्हणजे ज्या गृहस्थाला पकडून हजर करावे असा त्या परगण्याचा हुकूम होता, तो दप्तराप्रमाणे वाईच्या आमच्या सासऱ्यांचा नामधारी होता. मामलेदार कचेरीतून सेवानिवृत्त झालेल्या अण्णांनी आयुष्यात सायकलखेरीज वाहन चालविलेले नाही, आणि तीही उतारावर हातात धरून.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटे निघून न्यायालयात पोहोचलो. न्यायालय म्हणजे बैठ्या इमारतीतील दोन खोल्या, बाहेर ध्वज आणि आत थंड पाण्याचे यंत्र. तेथे बसतात ते 'जस्टिस ऑफ द पीस'. हे पद लोकांनी निवडून द्यावयाचे असते आणि त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. वाहतुकीचे गुन्हे हेच न्यायाधीश पाहतात, २० हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे हेच ऐकतात, लग्नेही हेच लावतात, आणि ज्या काउंटीत शववैद्यकाची स्वतंत्र नेमणूक नसते तेथे संशयास्पद मृत्यूचा पंचनामाही त्यांनीच करावयाचा. मनुष्यजन्माचे इतके टप्पे एका मेजावर आणणारा अधिकारी आपल्याकडे ग्रामजोशाखेरीज दुसरा दाखविता यावयाचा नाही. या पदाची परंपराही रंगतदार आहे. १८८२ मध्ये याच अधिकारावर बसलेल्या रॉय बीनने पुढे लँगट्री येथील आपल्या गुत्त्यातच इजलास भरविला, आणि एका मृताच्या खिशात पिस्तूल व ४० डॉलर आढळले तेव्हा शस्त्र बाळगल्याबद्दल त्या प्रेताला बरोबर ४० डॉलर दंड ठोठावला, अशी आख्यायिका आहे. ती मी वाटेत मेहुण्यांना सांगितली. सांगावयास नको होती, असे त्यांच्या भगिनीचे मत आहे.

आमचे न्यायाधीश शांत स्वभावाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ निघाले. मेहुण्यांनी रात्रभर पाठ केलेली कैफियत सुरू केली, तोच त्यांनी हात वर करून विचारले, "आपण आपल्या पायांनी आलात ना?" या प्रश्नातच कायद्याचे सार होते. २०१७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने असा नियम केला की गैरहजेरीबद्दल निघालेले वॉरंट बजावले जाण्यापूर्वी आरोपी स्वेच्छेने हजर झाला आणि प्रकरण मिटविण्याचा प्रामाणिक प्रयत्न त्याने केला, तर न्यायाधीशाने ते वॉरंट मागे घेतलेच पाहिजे. वर्षानुवर्षे मेहुण्यांची झोप उडवील एवढी ही भयंकर वस्तू न्यायाधीशांनी एका सहीनिशी निकालात काढली. वेगाच्या मूळ गुन्ह्याचा निर्णय त्यांनी ९० दिवस लांबणीवर टाकला: खर्च भरावा, या अवधीत पुन्हा गुन्हा करू नये, म्हणजे प्रकरण खारीज. त्यानंतर ते टोपी घालून बाहेर पडले. कुठे लग्न होते की मरण, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही.

मेहुण्यांनी तेथूनच वाईला फोन लावला. तेथे रात्र झाली होती, तरी अण्णा जागे होते. सर्व वृत्तान्त त्यांनी हूं हूं करीत ऐकून घेतला आणि फोन माझ्याकडे द्यावयास सांगितले.

"जावईबापू, सही-शिक्क्याची नक्कल घेतलीत काय?"

आम्ही घेतली नव्हती. वॉरंट येथे रद्द झाले तरी शेरीफच्या यंत्रातून ते उतरेपर्यंत काही काळ जातो, आणि तेवढ्यात रस्त्यात कोणी अडविले तर खिशातील नक्कल हाच आधार, ही गोष्ट पाच हजार कोसांवरून, टेक्सास नकाशात कोठे आहे हे न पाहता, अण्णांनी ओळखली. आम्ही परत आत गेलो. कारकूनबाईंनी शुल्क घेतले आणि नक्कल कोणत्या नावाने हवी असे विचारले. वॉरंट ज्या नावाने निघाले त्याच नावाने ते रद्द झालेले दिसले पाहिजे, असे अण्णांचे फोनवरून बजावणे होते. त्याप्रमाणे, वाई येथील निवृत्त अव्वल कारकून आता टेक्सास राज्याला नको आहेत, अशा आशयाचा शिक्का मारलेला कागद आमच्या हाती पडला. त्याची दुसरी प्रत अण्णांनी टपालाने मागविली. तिच्यावर आवक क्रमांक घालून त्यांनी ती निवृत्तिवेतनाच्या बाडात लावली, आणि न्यायाधीशमहाशयांस इंग्रजीत पोच पाठविली. नावाचे रकाने दुरुस्त करून तसे उलट टपाली कळवावे, अशी त्या पोचेत विनंती असून खाली पहिले स्मरणपत्र कोणत्या तारखेस निघेल तेही नमूद केले आहे.