गुहेतले कांदेपोहे

पन्नाशीनंतर बाईनं स्वतःसाठी काहीतरी करावं, असं हल्ली सगळे सांगतात. माझ्या मैत्रिणी झुंबा, बोन्साय आणि केरळ सहलीत वाटल्या गेल्या. मला मात्र खोल जायचं होतं. म्हणून मनातल्या आदिबंधांशी, म्हणजे मनात खोलवर वसलेल्या आदिम व्यक्तिरेखांशी, बोलायला शिकवणाऱ्या एका रविवारच्या शिबिरात मी नाव घातलं. फीमध्ये चटई आणि नाश्ता धरलेला होता, हेही मन खंबीर करायला उपयोगी पडलं.

मूळ कल्पना कार्ल युंगची. 1913 साली फ्रॉइडशी फाटल्यावर हा स्विस मनोविकारतज्ज्ञ आतून पार हलला. मन असंही बुडवणारच असेल तर आपणच उडी मारलेली बरी, असं ठरवून तो रोज कल्पनेत खाली उतरायला लागला. तिथं भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि वर येऊन सगळं लिहून ठेवायचं. त्याला भेटलेली माणसं तरी काय एकेक! दाढीवाला प्रेषित एलिया, त्याच्यासोबत आंधळी सलोमी आणि वर एक काळा साप. मग आला फिलेमॉन. डोक्यावर बैलाची शिंगं, पाठीला खंड्या पक्ष्याचे पंख. युंग त्याच्याशी ज्ञानचर्चा करत बागेत फेऱ्या मारायचा. आपण वेडे होत नाही ना, याची धास्ती त्यालाही होती. मग तो स्वतःला बजावायचा की मी डॉक्टर आहे, मला बायको आणि पाच मुलं आहेत, माझा पत्ता अमुक अमुक. हे सगळे अनुभव त्यानं लाल चामड्यात बांधलेल्या एका ग्रंथात सुरेख अक्षरात, चित्रांसकट उतरवले. तो ग्रंथ छापून आला थेट 2009 मध्ये, युंगला जाऊन 48 वर्षं झाल्यावर. शिबिरात त्याची एक प्रत चौरंगावर ठेवली होती. कुणीतरी तिला मोगऱ्याची फुलंही वाहिली होती.

पद्धत सोपी होती. डोळे मिटायचे, पायऱ्या उतरायच्या, गुहेत शिरून डावीकडे वळायचं. एक प्राणी येईल, त्याच्या मागे जायचं, तो आपल्याला आतल्या माणसापर्यंत नेईल. अट एकच, की आपण गोष्ट रचायची नाही. जे येईल ते येऊ द्यायचं. समोरचा आपल्याला न सुचलेलं काही बोलला, तर समजायचं की जमलं.

शेजारच्या चटईवरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना लांडगा भेटला. पलीकडच्या बाईंना मोर. माझ्याकडे शेळी आली. ती पुढे होऊन वाट दाखवायच्या ऐवजी गुहेच्या तोंडाशी उभी राहून वेल खात बसली. अट मोडून मी मनातल्या मनात तिचं हरीण करून पाहिलं. हरीणही बें बें करायला लागलं. शेवटी पाला संपला तेव्हा ती आत गेली आणि मी तिच्या मागून.

आत सतरंजीवर चार पुरुष बसले होते. एक टोपीवाले काका, एक त्यांचे मित्र, एक मध्यस्थ, आणि एक जण कुणाचा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. असा एक असतोच. टोपीवाले काका माझ्याच गुहेत मला म्हणाले, "या, बसा. गाता येतं का?"

माझ्या लग्नाला तीस वर्षं होत आली. तरी मी पदर सावरला आणि पोहे आणायला आत गेले. गुहेला स्वयंपाकघर होतं! ओट्यावर लिंबू कापून ठेवलेलं होतं. पोहे घेऊन आले तर काकांनी एक घास खाऊन म्हटलं, "मीठ कमी आहे." हे काही मला सुचलेलं नव्हतं. म्हणजे जमलं होतं.

मार्गदर्शक ताईंना फार आनंद झाला. हा तुमचा ॲनिमस, म्हणजे बाईच्या मनातला पुरुष, असं त्या म्हणाल्या. युंगच्या मते पुरुषाच्या मनात एकच बाई वसते, बाईच्या मनात मात्र पुष्कळदा मतं देणाऱ्या पुरुषांचं अख्खं मंडळच बसलेलं असतं. बायकांची ठाम मतं त्या मंडळाकडून उसनी आलेली असतात, असाही त्याचा एक लाडका सिद्धांत. हे कोण ठरवणार, झुरिकचा एक पुरुषच ना, असं मी विचारणार होते. पण आतून चौघेही एकदम म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मी गप्प बसले.

घरी रोज सराव करायचा होता, तोही लिहून. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या युंगपंथी अमेरिकन लेखकानं 1986 च्या पुस्तकात तसं सांगूनच ठेवलंय, कारण नुसते डोळे मिटले की माणूस एकतर दिवास्वप्नात रमतो नाहीतर झोपतो. मी दुसऱ्या प्रकारातली. म्हणून लेकीची जुनी वही काढली आणि नाटकासारखे संवाद लिहायला लागले. "काका: मुलगी नोकरी सोडेल का? मी: आधी मुलाचं काय ते सांगा. मध्यस्थ: मुलगा निर्व्यसनी आहे. अनोळखी गृहस्थ: पोहे आणखी मिळतील का?"

वही डायनिंग टेबलावर राहिली. सासूबाईंनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नातीचं लग्न आपल्यापासून लपवून ठरवलं जातंय, याचं त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग स्फुरण चढलं. त्यांनी सोलापूरच्या बहिणीला फोन केला, बहिणीनं विहिणीला. बंगळुरूहून लेकीचा फोन आला, "आई, निर्व्यसनी कोण?"

मी उत्तर जुळवत होते तोवर रविवार उजाडला आणि "सहज इकडून चाललो होतो" म्हणत खरोखरीचे चार जण दारात उभे राहिले. त्यातला चौथा कोण, हे याही वेळी कळलं नाही. मी ओट्याशी गेले. हात आपोआप कांदा चिरू लागले. काकांनी पोहे दोनदा घेतले आणि मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट मीच दोनदा विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

ते गेल्यावर सासूबाईंना सगळं समजावून सांगणं भाग होतं. स्वित्झर्लंड, युंग, फिलेमॉनचे पंख, गुहा, शेळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हे सगळे तुझ्या डोक्यातले?"

"हो, आई."

"तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आले, पांडुरंगाला घेऊन आले, आणि अभंग रच म्हणाले. तुझ्याकडे आले ते पोहे मागायला."

मी वही उचलायला गेले, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "थांब जरा. त्या टोपीवाल्याला तू शेवटी काय उत्तर दिलंस, ते पान सापडत नाहीये मला."