तृणच्छेदनाचा जाबता

हैदराबादच्या चिक्कडपल्लीसारख्या मोहल्ल्यात, जिथे जुन्या बंगल्यांच्या जागी एकामागून एक बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि तरीही एखाद्या गल्लीच्या पोटात एखादे बैठे घर आपल्या चिंचोळ्या परसासह, कढीपत्त्याच्या झाडासह आणि शहाबादी फरशीच्या वाटेसह तग धरून आहे, तिथे आषाढाच्या दोन सरी पडताच गवत गुडघ्याला लागते ही गोष्ट सर्वश्रुत आहे; परंतु त्या गवतावर अंमल कोणाचा, हा मामला निजामाच्या अमदानीपासून आजतागायत कोणत्याही दफ्तरात निकालात निघालेला नाही. ज्या गृहस्थाने बॅटरीवर चालणारा ग्रास कटर नुकताच खरेदी केला आहे, त्याची समजूत अशी असते की घर आपले, तस्मात गवतही आपलेच. प्रस्तुत जाबता त्या समजुतीच्या निरसनार्थ लिहिला आहे.

या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेतील ह्यूस्टन शहरचा जॉर्ज बॅलस. मोटारी धुण्याच्या यंत्रातले गरगरणारे कुंचे पाहून त्याला १९७१ साली ही कल्पना सुचली, आणि झाडांच्या साली न दुखावता बुंध्याभोवतीचे गवत निघावे या सद्हेतूने त्याने पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यात मासे धरण्याची नायलॉनची दोरी ओवली. दैवदुर्विलास असा की ज्या सालीच्या रक्षणार्थ हे यंत्र जन्मास आले तिचाच ते आज सर्वाधिक घात करते. कारण मिनिटाला हजारो फेरे घेणारी दोरी कोवळ्या खोडाला एकदा वर्तुळाकार चाटून गेली, की साल सोलली जाऊन पानांतले अन्न मुळांपर्यंत पोहोचेनासे होते. म्हणून कढीपत्त्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतर राखावे व त्या वीतभरातले गवत हाताने उपटावे. आमटी फोडणीवाचून राहिल्यास गृहिणीसमोर करावयाच्या खुलाशाचा मसुदा या जाबत्यात समाविष्ट नाही.

बॅटरीविषयी दोन शब्द. डब्यावर कोठे १८ व्होल्ट तर कोठे २१ व्होल्ट असे छापलेले आढळते, आणि जणू तीन बिघे जमीन इनाम मिळाली अशा हर्षाने ग्राहक दुसरा डबा उचलतो; वास्तविक दोहोंत ३.६ व्होल्टचे पाच सेलच रांगेने बसविलेले असतात, आणि तेच सेल पूर्ण भरले असता प्रत्येकी ४.२ पर्यंत चढतात म्हणून बेरीज २१ होते. हा अधिकचा मानमरातब यंत्र चालू होताच उतरतो. काम करून तापलेली बॅटरी लागलीच चार्जरला लावू नये, आधी निवू द्यावी. आणि स्वयंपाकघरातील प्लगवर मिक्सरचा वहिवाटीचा हक्क असून तो नेमका चटणीच्या वेळी बजावला जातो, याची आगाऊ नोंद घ्यावी.

पोशाख जाडजूड असावा. पूर्ण लांबीची विजार, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा ही तिन्ही अत्यावश्यक, कारण दोरीखाली आलेला खडा कोणत्या दिशेस प्रयाण करील याचा अंदाज ज्योतिष्यालाही येत नाही. लुंगी आणि स्लिपर या वेषात यंत्र चालविणारे शूर पुरुष याच गल्लीत पाहावयास मिळतात, त्यांच्या पोटऱ्या मात्र पाहवत नाहीत. दोरी गवत कापत नाही, वेगाने झोडपून तोडते, आणि हे झोडपणे तिच्या टोकाने होते. सबब यंत्र गवतात खुपसू नये, डावी-उजवीकडे सावकाश फिरवीत न्यावे. शहाबादी फरशीच्या कडेला दोरी घासून झिजते. ती आखूड झाल्यावर यंत्राचे डोके जमिनीवर हलकेच आपटले असता रिळातून नवी दोरी बाहेर येते. डोक्याभोवती गवताचा गुंडाळा बसल्यास प्रथम बॅटरी काढावी आणि मगच बोटे आत घालावीत. हे कलम विनोदाच्या कक्षेबाहेरचे समजावे.

आवाज पेट्रोलच्या यंत्राहून कमी असतो हे खरे, परंतु सिटी सेंट्रल लायब्ररीत जागा न मिळालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुले अशोकनगरापर्यंतच्या खोल्याखोल्यांतून पहाटेपासून घोकंपट्टी करीत असतात, आणि संध्याकाळी त्यागराय गानसभेतील कार्यक्रमास जाणारी वयोवृद्ध मंडळी दुपारी डुलकी काढतात. तेव्हा दव वाळल्यानंतरचा आणि ऊन चढण्यापूर्वीचा तेवढा तास आपला.

आता मूळ मामल्याकडे वळू. परसातील प्रत्येक तृणाला दावेदार आहे. हरळी व आघाडा गणपतीचे. यंत्राने झोडपलेली, टोके चिंधाळलेली दूर्वा त्याला चालत नाही, म्हणून भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत त्या भागात मनाई. कुरडूचा पाला कोवळा असता भाजीसाठी आपल्याच घरातून मागणी येते, आणि त्याला पांढरे-गुलाबी तुरे आले की तोच शेजाऱ्यांचा ‘गुनुगु’ होतो, ज्यावाचून बतुकम्माच्या सणातली फुलांची रास रचता येत नाही; बॅटरी बसविल्याचा खटका ऐकताच पलीकडच्या घरातील वृद्ध अम्मा भिंतीवरून “बाबू, गुनुगु कोय्यकु!” असा मनाईहुकूम बजावतात, आणि त्यावर अपील नाही. दावेदार नसलेली वनस्पती एकच, गाजरगवत, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले आणि पुढे देशभर पसरलेले. पण नेमके त्याच्यावर यंत्र चालवू नये, कारण त्याचे कण व पराग उडून अंगाला खाज सुटते आणि तोडलेले खोड पुन्हा फुटते. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असल्याने त्याला तर हे यंत्र केशकर्तनच वाटते.

राहता राहिला विसर्जनानंतरचा पितृपक्ष, परंतु त्यात नव्या वस्तूचा आरंभ निषिद्ध. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा. खंडेनवमीला यंत्र स्वतःच विळी, कोयता व शिवणयंत्र यांच्या पंक्तीत हळदकुंकू लावून बसते, आणि पूजेत मांडलेले हत्यार त्या दिवशी चालवावयाचे नसते. दसरा होईतो पाऊस आटोपलेला आणि गवत बी टाकून पिवळे पडलेले असते. तेव्हा बॅटरी निम्मी भरलेल्या अवस्थेत काढून थंड कपाटात ठेवावी, आणि दरसाल निंदणीस येणाऱ्या बाईंना निरोप धाडावा की येताना खुरपे बरोबर आणावे, कारण यंत्र आल्याच्या आनंदात घरातले खुरपे भंगारवाल्याला देऊन टाकले आहे.