पितळचोरास अनावृत पत्र



आमच्या इमारतीतल्या झाडून साऱ्या लाल पेट्यांमधली पितळी नोझलं आपण नेलीत, त्याबद्दल आधी अभिनंदन. आम्हाला हे कळलं 14 एप्रिलला. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान मेले, म्हणून या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. यंदा आम्हीही पाळला. सेक्रेटरींचं भाषण, बटाटेवडे आणि प्रात्यक्षिक. पंप सुरू झाला, होज पाइप फुगला, आणि टोकाला नोझलच नसल्यामुळे पाण्याने लांब झेप घेण्याऐवजी सेक्रेटरींच्या पायांवर लोळण घेतली. म्हणजे सातव्या मजल्यावर आग लागलीच, तर आम्ही फार तर पॅसेज धुऊन काढू.

आपली सफाई मात्र मानली! पाचव्या मजल्यावर पेटीसमोर शू-रॅक आहे. तो सरकवल्याशिवाय पेटी उघडतच नाही. आपण तो सरकवलात, नोझल काढलंत, पाइपची गुंडाळी होती तशी ठेवलीत आणि रॅक परत जागेवर लावलात. वरची मनीप्लांटची बाटलीही हिंदकळली नसावी. हा रॅक हलवा, अशी कमिटीची नोटीस त्याच रॅकवर कोल्हापुरी चपलांखाली आहे. आपण वाचली असेलच. घरमालकांनी अजून वाचलेली नाही.

खरं तर या पेट्या उघडून बघणारे आपण एकटेच. 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैत तपासणीचा ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. आमच्या एजन्सीचा माणूस येतो, ऑफिसात चहा घेतो आणि ‘सर्व उपकरणे सुस्थितीत’ असं लिहून जातो. जानेवारीचा दाखला लिफ्टशेजारी फ्रेम करून लावलाय. आपण बहुधा त्याच्यासमोरूनच जड पिशवी घेऊन गेलात. वॉचमनने लिफ्टचं दारही धरलं असेल.

आता पेट्यांना कुलपं लावा, अशी सूचना आलीय. टाळ्याही पडल्या. किल्ल्या सेक्रेटरींकडे राहतील. ते शनिवार-रविवार अलिबागला असतात. आगीने तेवढं सांभाळून घ्यावं.

आपण घाबरू नका. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची आहे. सगळ्या मजल्यांची बेरीज अंगाशी येईल, म्हणून सापडलात तर एकाच मजल्याचं कबूल करा. समाजसेवा मात्र आमच्याच सोसायटीत मागून घ्या. चौथ्या मजल्याच्या जिन्यात एक बंद पडलेला फ्रिज आहे, सहाव्यावर सायकली. शिवाय गच्चीच्या दाराला गंजकं कुलूप आहे. त्याची किल्ली कुठे ठेवलीय, ते कमिटीत कुणालाच आठवत नाही. पण आपल्याला किल्ली लागेल असं वाटत नाही.

आपला कृपाभिलाषी,
एक सभासद
(मेंटेनन्स वेळेवर भरणारा)