पाव किलो सोय

6.9 इंचांचा फोन घेणाऱ्याला आता एक खास सोय मिळते. पडद्याच्या तळाशी बोट जरासं खाली ओढलं की वरचं सगळं चित्र घसरत निम्म्यावर येतं आणि जिथे अंगठा पोचत नव्हता तिथे तो पोचतो. ही म्हणे एका हाताने वापरण्याची सोय. तेवढा वेळ पडद्याचा वरचा अर्धा भाग रिकामा पडून असतो.

म्हणजे पैसे अख्ख्या पडद्याचे मोजायचे, आणि त्यातला अर्धा ओसाड पाडण्याची युक्ती वर फुकट मिळाली म्हणून खूश व्हायचं. या ओसाड अर्ध्याने मला पछाडलं आहे.

हिशेब करून पाहिला. 6.9 इंच हा पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यातून तिरका समोरच्या कोपऱ्यापर्यंत. हल्लीच्या उभट प्रमाणात तो पडदा साधारण 16 सेंटिमीटर उंच आणि 7 सेंटिमीटर रुंद भरतो. सोय चालू केली की त्यातला 8 सेंटिमीटरांचा मजला रिकामा. 2007 साली, बोटाने चालवायचे फोन नवे होते तेव्हा, 3.5 इंचांचा पडदा बघून लोकांचे डोळे विस्फारले होते. तो अख्खा पडदा आज या रिकाम्या मजल्यावर नेऊन ठेवला तरी आजूबाजूला चालायला जागा उरेल.

आता हे तिरकं मोजणं. टीव्हीवाल्यांनी ही खोड लावली, फोनवाल्यांनी ती मुरवली. घराची खोली कोणी कोपऱ्यातून कोपऱ्यात फीत ताणून विकत नाही. पण विकायचं मनात आलं तर काय काय विकता येतं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण आपण सगळ्यांनी सुपर बिल्ट-अप नावाची वस्तू विकत घेतलेली आहे. जिन्याचा वाटा, लिफ्टच्या खड्ड्याचा वाटा, वॉचमनच्या खुर्चीखालच्या फरशीचा वाटा, सगळं आपल्या माथी मारून झालं की मध्ये एक खाट मावेल एवढं घर निघायचं. शेवटी 2016 च्या कायद्याने बिल्डरांना सांगावं लागलं की बाबांनो, कार्पेट एरियावर बोला. फोनाला कोणी अजून कार्पेट लावलेलं नाही. माहितीपत्रकाच्या अगदी तळाशी, मुंगीनेही चष्मा लावून वाचावं अशा टायपात एक ओळ असते: पडद्याचे कोपरे गोल आहेत, माप मात्र ते चौकोनी आहेत असं धरून घेतलेलं आहे, प्रत्यक्ष दिसणारा भाग याहून कमी. चारही कोपरे जागेवर नाहीत, पण पैसे त्यांचेही घेतले! वर कॅमेऱ्यासाठी पडद्याला पाडलेलं भोकही आपल्याच क्षेत्रफळात. आणि आता ही गच्ची. रिकामी, वापरात नसलेली, पण सातबाऱ्यावर आपल्या नावाची. उद्या त्यावर टॉवरवाल्याला भाडेकरू म्हणून घ्यायची सोय निघाली तर नवल नाही. निदान जाहिरात तरी येईलच. जागा मोकळी दिसली की ती यायचीच.

बरं, कर्ण फुगवायचीही एक रीत आहे. पूर्वी पडदे सोळास नऊ प्रमाणाचे असत. त्या मापाचा 5.5 इंची पडदा आणि आजचा वीसास नऊ प्रमाणाचा 6.7 इंची पडदा शेजारी ठेवा. रुंदीत फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, उंचीत तीन सेंटिमीटरांहून जास्त. इंच वाढले, ते सगळे डोक्यावरून वाढले. अंगठ्याला सगळ्यात अवघड तेवढीच दिशा नेमकी निवडली.

एक हात का लागतो, हे ज्यांना कळत नाही ते लोकलने जात नसावेत. एका हातात डोक्यावरची कडी असते. दुसऱ्या हातात फोन, त्या कोपरात डब्याची पिशवी, पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली. पुढे कुर्ला आहे की घाटकोपर ते बाहेर डोकावून कळत नाही, कारण मध्ये माणसं आहेत. अशा वेळी वरच्या डाव्या कोपऱ्यातला मागे जायचा बाण हवा असतो. तळहाताने फोन थोडा उडवायचा, तेवढ्यात बोटं खाली सरकवायची आणि तो परत झेलायचा. हे चालत्या गाडीत. फोनाचं वजन सव्वादोनशे ग्रॅम. कव्हर, वरची टेम्पर्ड काच आणि मागे चिकटवलेली रिंग धरली तर पाव किलोच्या पुढे. एवढा भार तोलते कोण, तर करंगळी. अख्ख्या पंजातलं सगळ्यात गरीब बोट!

खिशाचंही तेच. शर्टाचा खिसा तेरा-चौदा सेंटिमीटर खोल, फोन साडेसोळा. लग्नात बघा. मुलगा वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकतो तेव्हा डावा तळवा छातीवर घट्ट दाबलेला असतो. आजीला वाटतं, काय संस्कार आहेत! आजोबांना वाटतं, इतक्या लहान वयात छातीत दुखतंय की काय. एका हाताने उजवा पाय, मग हात बदलून डावा पाय, आणि उठताना ‘आयुष्मान भव’ ऐकत खिसा चाचपायचा. जो हात बदलायला विसरतो त्याचा फोन आजोबांच्या अंगठ्यावर पडतो. मग खरोखर आशीर्वाद मिळतात.

आणि बायकांना तर खिसाच नाही. इथे मात्र माझं डोकं फिरतं. कुर्त्याला खिसा लावून द्या म्हटलं की शिंपी असं बघतो जणू काही शेरवानीला शेपूट लाव म्हणालो. ‘फिटिंग बिघडतं वहिनी.’ तयार कपड्यांत खिशाच्या जागी नुसती शिवण घालून ठेवतात, उघडून बघावं तर आत काही नाही. बाईचा पंजा सरासरीने पुरुषापेक्षा लहान, फोन मात्र सगळ्यांना एकाच फूटपट्टीचा. पर्समध्ये टाकला तर वाजलेला ऐकू येत नाही, म्हणून तो हातातच. हातात म्हणून डब्याच्या दाराशी उभं राहायची भीती, कारण रुळांकडेला काठी घेऊन फटका मारणारा टपलेला असतो. आणि एवढं झाल्यावर सांगायचं की बायका दिवसभर फोन हातातून सोडत नाहीत. ठेवायचा कुठे? अंबाड्यात?

मग लहान फोन घ्या ना, असं कोणी म्हणेल. दाखवा! दुकानात गेलं की पोरगा म्हणतो, ‘काका, लहानमध्ये आता बटणवालाच.’ कारण विचारलं की मागणी नाही. 2020 च्या सुमारास 5.4 इंचांचे चांगले फोन आलेही होते. बॅटरी संध्याकाळ बघत नव्हती, दोन पिढ्यांत गुंडाळले. मोठा पडदा हवा कारण बॅटरी मोठी मावते, आणि बॅटरी मोठी हवी कारण मोठा पडदा ती पितो. या गोल फिरण्यात आपला हात कुठेच येत नाही. वस्तू काउंटरवर ठेवायचीच नाही आणि वर्षभराने म्हणायचं, बघा, एकानेही घेतली नाही.

मोठ्या पडद्याचा एक फायदा मला मान्य आहे. चाळिशी उलटली की अक्षरं मोठी लागतात. पण मग सेटिंगात जाऊन ती इतकी मोठी करतात की सासऱ्यांच्या फोनवर ‘शुभ सकाळ’ दोन ओळींत येतं आणि पुढचं फूल बघायला बोट वर सरकवावं लागतं. ते दोन्ही हात वापरतात, टेबलाशी बसून, वर्तमानपत्रासारखा फोन समोर मांडून. त्यांचं उत्तम चाललं आहे. त्यांना कडीला लटकायचं नाही.

बाकीच्यांसाठी बाजाराने इलाज काढले आहेत, सगळे सुटे आणि सगळे विकत. पडू नये म्हणून रिंग. खिशात मावत नाही म्हणून गळ्यात पट्टा, आयकार्डाच्या शेजारी. झोपून वाचताना नाकावर आदळतो म्हणून पलंगाला लावायचा लवचीक दांडा. सारखा बाहेर काढणं जमत नाही म्हणून मनगटावर घड्याळ, ज्याचा पडदा दीड-दोन इंचांचा असतो आणि ज्यावर आलेला निरोप सगळे मजेत वाचतात. त्यावर वाचायला लहान पडतं अशी तक्रार मी एकाकडूनही ऐकलेली नाही.

आणि आता सगळ्यात वरच्या काचेत, खास दिवा सोडून, घडीचा फोन ठेवलेला असतो. उघडला की नेहमीएवढा लांब. मधोमध दुमडला की निम्मा होतो, मुठीत बसतो, शर्टाच्या खिशात तळाशी जातो. यात नवीन काय आहे, असं विचारलं तर विकणारा अभिमानाने तो मिटून दाखवतो, खिशात घालतो आणि खिसा थोपटतो. किंमत लाखाच्या घरात. ईएमआय आहे.