मंडईच्या दिवसांत मॅरेथॉन

मुंबईची मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि आमच्या झाडीपट्टीतल्या मंडया सुरू होतात भाऊबीजेपासून. म्हणजे सरावाचे जे कळीचे आठवडे, तेच जत्रांचे आणि जेवणावळींचे. त्यातच धानाची कापणी, त्यातच शाळेचं दुसरं सत्र. हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नये. पण मी मास्तर, वरून शेतकऱ्याचा मुलगा, गावोगाव सोयरे असलेला आणि चाळिशीत पोट दिसू लागलेला, त्यामुळे आलं. मुंबईचे पैसे भरले तेव्हा श्रावण होता आणि रोवणी आटोपली होती. रोवणी आटोपलेल्या माणसाला जगातलं कुठलंही काम आपल्याच्यानं होईल असं वाटतं.

सरावाचं वेळापत्रक मोबाइलवरून वहीत उतरवून घेतलं. सोमवारी विश्रांती, मंगळवारी हलकी धाव, बुधवारी वेगाची, गुरुवारी मध्यम, शुक्रवारी झोप, शनिवारी पुन्हा हलकी आणि रविवारी लांब पल्ला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आहारात कर्बोदकं वाढवा. हे आईला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. गोंदिया जिल्ह्यात कर्बोदकं वाढवायला जागा आहे कुठं? सकाळी भात, रात्री भात आणि मधे भूक लागलीच तर सकाळचाच भात फोडणीला.

आमगाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर, गोंदियाच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या वाटेवर आमचं गाव आहे. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर 195 मीटर. म्हणजे आमगावहून गोंदियाला जायचं आणि तिथं काहीच काम न करता बहुतेक सगळी वाट परत यायचं. गावात ज्यांना ज्यांना हे समजावून सांगितलं, त्या प्रत्येकाचा एकच सवाल होता. मग मेमू कायले आहे?

सोमवारच्या विश्रांतीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वरून माहिती ‘तात्काळ’ मागवली होती, ती संध्याकाळपर्यंत भरत बसलो.

मंगळवारी पहाटे पदमपूरला निघालो. हे गाव आमगावला अगदी लागून. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपल्या नाटकात स्वतःचं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो, आणि ते पद्मपूर म्हणजे हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ठरवलं. तेव्हापासून आमगावकरांच्या बोलण्यात भवभूती हा चुलत आजोबा असल्यासारखा येतो. महाविद्यालय त्याच्या नावाचं आहे. हा गृहस्थ पुढे कनोजला यशोवर्म्याच्या दरबारी गेला. गेला कसा, याचा विचार मी धावताना नेहमी करतो, कारण धावताना दुसरं कुणाबद्दल काही वाटण्याची ताकद उरत नाही. रेल्वे नव्हती, सायकल नव्हती. लांब पल्ल्याचा आमच्या तालुक्यातला पहिला माणूस तोच असणार. एवढं करून त्याला पदक नाही.

पदमपूरच्या वाटेवर नोव्हेंबरातली पहाट फार चांगली असते, हे लिहायलाच हवं. धानाच्या बांध्यांवर धुकं बसलेलं असतं आणि कापलेल्या धानाचा ओलसर वास येतो. त्या वासात धावताना आपण तब्येतीसाठी धावतोय याचाही विसर पडतो. तेवढ्यात मागून फटफटी येते.

‘सर, बसा, सोडून देतो.’

आमच्याकडे धावण्यातली मुख्य अडचण दमछाक ही नाही, भलेपणा ही आहे. रस्त्यानं पायी जाणारा माणूस दिसला की गाडीवाला थांबतो. नको म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. व्यायाम करतोय म्हटलं तर तो सोबत हळूहळू गाडी चालवत विचारतो, ‘डॉक्टरनं सांगितलं का जी? शुगर निघाली?’ नाही म्हटलं तर काळजी वाढते. मी आता सरळ ‘हो, थोडी आहे’ म्हणतो. गावात माझी शुगर आता सर्वांना माहीत आहे आणि लग्नाच्या पंगतीत मला जिलेबी कुणी वाढत नाही.

बुधवारची वेगाची धाव मैदानावर. तिथं पहाटे पाचपासून पोलीस भरतीची पोरं-पोरी असतात. यांच्यापुढे आपण धावतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. चुन्याच्या खुणा मारलेल्या, कोपऱ्यात विटा रचून ठेवलेल्या. गोळाफेकीचा 7.26 किलोचा गोळा रात्री मारुतीच्या देवळात ठेवतात, कारण मागचा कुणीतरी वजनमाप म्हणून नेला. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 पोरांच्या 1600 मीटर धावण्याला; पोरींना 800. एका पोराच्या बुटाचा तळ पुढून उघडा पडला होता, तो त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधला होता. त्या बुटानं तो माझ्यापुढून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा ‘सर, बाजूला’ म्हणाला, अगदी आदरानं.

दम खायला बसलो तेव्हा चौकशी सुरू झाली.

‘सर, तुम्ही कोणता फॉर्म भरला?’

‘मॅरेथॉनचा.’

‘जागा किती आहेत?’

‘जागा नसतात. हजारो लोक धावतात.’

‘मग सिलेक्शन?’

‘होत नाही. शेवटी सगळ्यांना मेडल देतात.’

हे त्यांना पटलं नाही. ज्यात कुणी बाद होत नाही ती भरती कसली? मग कुणीतरी फी विचारली. आकडा सांगितल्यावर मैदानावर जी शांतता पसरली ती मी वर्गात आजवर कधी मिळवू शकलो नाही. ट्यूबच्या पट्टीवाला म्हणाला, ‘सर, तेवढे आम्हाला द्या, आम्ही तुमच्या नावानं धावून येतो.’

मास्तरकी जागी झाली. मी त्यांना बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगितली. 1920 साली बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरलं, तिथं हा आपल्याकडचा माणूस मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला, जगात एकोणिसावा! पोरं भारावल्यासारखी ऐकत होती. गोष्ट संपल्यावर एकीनं विचारलं, ‘मग नोकरी लागली का जी त्यांना?’ मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना आणखी एक फेरी मारायला सांगितलं.

गुरुवारी आभाळ भरून आलं. वेळापत्रकात ढगांसाठी वेगळा रकाना नाही. पण धानाच्या कडपा बांध्यांत पडलेल्या असताना नोव्हेंबरात ढग आले, की सरकारी नोकर असो की मॅरेथॉनवाला, जो कुणी त्या घरचा आहे त्यानं शेतावर जायचं असतं. मजूर मिळत नव्हता, ज्याला त्याला आपलीच घाई. बाबा, मी आणि धाकटा भाऊ भारे बांधून पुंजण्यापर्यंत नेत होतो. डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून झपझप चालायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्यानं पायांच्या ताकदीविषयी व्याख्यान देऊ नये. सत्तरीतले बाबा माझ्यापुढे होते. संध्याकाळपर्यंत पुंजणं उभं राहिलं, त्यावर ताडपत्री पडली, आणि पाऊस आलाच नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळानं दिवसभराच्या या कामाची नोंद ‘संथ चालणे’ अशी केली. बाबांना दाखवली. ते म्हणाले, ‘परत कर ते. पैसे वापस घे.’

शुक्रवार-शनिवार अंग इतकं ठणकत होतं की त्याबद्दल नंतर कधी.

रविवारी लांब पल्ला. आणि नेमकी रविवारीच सासुरवाडीची मंडई. बायकोनं आठवडाभर आधी बजावलं होतं, जवाई मंडईला आला नाही तर वर्षभर ऐकावं लागतं, तुम्हाला नाही, मला. मी म्हटलं, येतो, पण धावत येतो. तू पोरांना घेऊन दुपारी स्कूटीवर ये. एका दगडात दोन पक्षी. सासुरवाडी सालेकसा रस्त्यावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून तोंड दाखवायचं आहे. वेळापत्रकाला हवी तेवढी ती लांब नाही (लांब असती तर बरं झालं असतं, असं मी कधीही म्हटलेलं नाही), म्हणून आधी बाघ प्रकल्पाच्या नहरीच्या पारीनं मोठा वळसा घातला आणि मग डांबरी रस्त्याला लागलो.

रेल्वेमार्ग दिसू लागला तिथं सिग्नलला कोळशाची मालगाडी उभी होती. वाघिणीमागून वाघीण मागे टाकत मी थेट इंजिनापर्यंत पोचलो. हावडा मार्गावरची एक गाडी मी धावून मागे टाकली, याला साक्षीदार तिचा ड्रायव्हर. त्यानं हात हलवला. पुढे रस्त्याच्या अर्ध्या भागात धान वाळत घातलेलं, राखणीला काठी घेऊन एक आजी. ‘हळू जा बापा,’ म्हणाली, ‘धान उडते.’ एका फाट्यावर टोपलीत उकडलेले शिंगाडे होते. मुंबईचे धावपटू वाटेत चिकट गोड पाकिटं चोखतात म्हणे. मी शिंगाडे खिशात भरले आणि ते सोलत सोलत निघालो. शिंगाडा धावताना सोलता येत नाही. थांबावं लागतं, आणि थांबायला ते एक सन्माननीय कारण आहे.

वाटेत फटफट्या थांबतच होत्या. मंडईचा दिवस, सगळा पंचक्रोशीतला माणूस रस्त्यावर. मी प्रत्येकाला नको म्हणत गेलो, आणि प्रत्येक जण पुढे जाऊन जे पाहिलं ते सांगत गेला. त्यामुळे मी पोचण्याआधी गावात बातमी पोचली होती: जवाई आमगावहून धावत येऊन राहिले. हाफपँटवर.

खेड्यात मोठा माणूस धावत येतो तो तीनच कारणांनी. कुणाला साप चावला, कुणी गेलं, किंवा आग लागली. मी वेशीत शिरलो तेव्हा सासऱ्यांच्या अंगणात निम्मं गाव उभं होतं. सासूबाईंच्या डोळ्याला पदर. धाकट्या साळ्यानं मोटरसायकल सुरू करूनच ठेवली होती. मामाजी पुढे आले, माझा खांदा घट्ट धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘सांगा जवाईबापू. कोणाले का झालं?’

मला दम लागला होता. बोलता येईना. हे त्यांना दुःख वाटलं. मागून एकीनं हुंदका दिला.

‘काही... नाही...’ एवढं म्हणालो. मग ‘सराव’ म्हणालो. अंगणातले लोक एकमेकांकडे पाहू लागले. साळ्यानं गाडी बंद केली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि मग त्यांना माझी हाफपँट दिसली. त्या लगबगीनं आत गेल्या आणि पाय धुवायच्या पाण्याबरोबर मामाजींचं धोतर बाहेर पाठवलं.

धोतर नेसून खाटेवर बसल्यावर मामाजींनी शांतपणे सगळं समजून घेतलं. बेचाळीस किलोमीटर का, हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं की 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकात शर्यत राजाच्या वाड्यापासून सुरू झाली आणि मैदानात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, ते अंतर एवढं भरलं, आणि पुढे तेच कायम झालं.

‘म्हणजे पाटलाच्या ओट्यापासून पाटलाच्या खुर्चीपर्यंत,’ मामाजी म्हणाले. ‘लोकं पयतात, तो बसला राहते.’ मॅरेथॉनचा इतका नेमका इतिहास मी कुठं वाचलेला नाही.

दुपारी बायको आली. मंडई भरली. दंडार झाली, जिलेबी झाली (इथं शुगरची बातमी पोचली नव्हती), आणि रात्री दहाला नाटकाचा पडदा वर गेला. आमच्याकडचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. कुडकुडत, शाली पांघरून, पोरं मांडीवर घेऊन माणसं बसलेली असतात. मला एकदम पदमपूरच्या त्या आजोबांची आठवण झाली. भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी रचलेली, असं त्यांच्या प्रस्तावनांतच आहे. म्हणजे दरबारी कवी म्हणून आपण ज्याला मखरात बसवला, तो मुळात मंडईचा नाटककार. हे बायकोच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, ‘गप बसा, आता खून होणार आहे.’

खून झाला, अंक संपला, आणि माइकवर देणग्या सुरू झाल्या. आयोजकांनी घसा साफ केला. ‘आजच्या मंडईचं विशेष आकर्षण! आमगावहून आपल्या सासुरवाडीला धावत, हो, धावत आलेले आपल्या गावचे जवाई! टाळ्या! आणि त्यांच्याकडून नाट्यमंडळाला पाचशे एक रुपये!’

मला हे माइकवरूनच कळत होतं. धोतराला खिसा नव्हता, आणि हाफपँटच्या खिशात दोन शिंगाडे होते. बायकोनं पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, वर एक रुपया शोधला आणि साळ्याच्या हाती दिला.

‘मुंबईला भरले त्यापेक्षा हे बरे,’ ती म्हणाली. ‘तिथं एवढे पैसे घेतात, माइकवर नाव तरी घेतील का?’