पवनार रिटर्न

अरबी शिकायला कैरोला गेलेल्या आपल्या पोरांचा दिनक्रम ठरलेला: सकाळी क्लास, दुपारी कोशरी, संध्याकाळी नाईलकाठी सेल्फी आणि रात्री मराठी रूममेटशी भाड्याच्या हिशेबावरून भांडण, तेही अस्सल मराठीत. अरबी उरते टॅक्सीवाल्यापुरती.

याउलट विनोबा भावे. ते 1938 साली पवनारला धाम नदीकाठी राहायला आले. कुराण मुळातून वाचायचं म्हणून वर्धा-पवनारच्या मुक्कामातच अरबी शिकले. त्यांचं ‘कुराणसार’ 1962 मध्ये आलं. व्हिसा नाही, स्कॉलरशिप नाही, एजंटाला कमिशन नाही. वर सूतकताई आणि शेतीची मेहनत (क्रेडिट शून्य). आज बिचाऱ्यांनी नोकरीचा अर्ज भरला असता, तर ‘परदेशातील अनुभव’ या रकान्यात ‘पवनार, जिल्हा वर्धा’ वाचून कोण मुलाखतीला बोलावणार?