एजंटभाईंना अनावृत पत्र

श्री. एजंटभाई यांस,
स्टेशनरोडवरचं टेबल, बाजवा (बडोदा).

सा. न. वि. वि.

पत्र उघडंच पाठवतो आहे. तुमच्याकडे पावती द्यायची पद्धत नाही, तेव्हा पोहोच तरी कुठून मिळणार!

शेजारच्या पोराच्या कामात तुम्ही जे कष्ट घेतलेत, त्याबद्दल गल्लीतर्फे आभार मानायचे राहून गेले होते. पोराचं वय ३०, पगार १२ हजार. कोयलीत १९६५ साली रिफायनरी आली, मागोमाग खताचा कारखाना आला, आणि त्यांच्या आसपास जी लहानलहान युनिटं उगवली, त्यांतल्या एकात तो ठेकेदाराचा माणूस म्हणून कामाला. प्रेस मशीनमध्ये त्याचा डावा अंगठा मुळापासून गेला. ठेकेदाराने हात वर केले, मालकाने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, आणि तेवढ्यात तुम्ही प्रकटलात. पट्टी सुटायच्या आत घरी आलात, चहा घेतलात, ‘कोर्टात गेलात तर चपला झिजतील’ असं त्याच्या आईला प्रेमाने समजावलंत. ४० हजारांत तोड केलीत. त्यातले १० हजार ‘खर्चापाण्याचे’ म्हणून जाग्यावरच वळते करून घेतलेत.

सहीसोबत अंगठाही घेतलात. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची रीत. तुम्ही सवयीने त्याचा डावा हात ओढलात, पट्टीकडे पाहिलंत, मग उजवा धरून शाईच्या पॅडवर दाबलात आणि ठशाखाली वळणदार अक्षरात लिहिलंत: ‘उजवा’. कागदोपत्री चूक राहू नये याची इतकी काळजी मोठमोठे वकीलही घेत नसतील.

त्या स्टॅम्पपेपरावर तुमचं आवडतं वाक्य आहे: ‘यापुढे माझा कसलाही हक्क वा दावा राहणार नाही.’ वाक्य झोकदार आहे, पण कायद्याला ते आवडत नाही. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा सांगत होता की अपघाताच्या भरपाईचा हक्क कामगाराने लिहून सोडून दिला तरी तो करार रद्दबातल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कायद्याचं नाव बदललं, तुमच्या वाक्याचे दिवस काही पालटले नाहीत. आणि ठेकेदाराचा माणूस ज्याच्या कामावर जायबंदी झाला, त्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे ते बोट दाखवणंही फुकटच गेलं.

कायद्याला जोडलेली एक यादी आहे, ती तुमच्या टेबलावर लॅमिनेट करून ठेवण्याजोगी आहे. माणसाच्या हाताचा असा थंड हिशेब दुसरीकडे सापडायचा नाही. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली असं धरायचं. हाड न जाता तर्जनीचं नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची चारही बोटं ५०. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४०. आणि अंगठा, एजंटभाई, ३० टक्के.

आता कायद्याच्या सूत्राने आकडेमोड. बारा हजारांचे ६० टक्के म्हणजे ७,२००. वयाच्या तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकाराचे ३० टक्के काढले की येतात ४ लाख ४९ हजार २३७ रुपये. तुम्ही मिळवून दिलेत ४० हजार. उरलेले ४ लाख ९ हजार मोजायचे श्रम तुम्ही त्या पोराला पडू दिले नाहीत. (युनिटाला ई.एस.आय. ही कामगार विमा योजना लागू असती तर एकरकमीऐवजी दरमहा पैसे, तेही आयुष्यभर, मिळाले असते. पण तिथे दहा माणसंसुद्धा नव्हती.)

तुमच्या दहा हजारांचं काय, हाही प्रश्न आहेच. भरपाईची रक्कम कुणाच्या नावे करता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, जप्तीही आणता येत नाही, असं कायदा सांगतो. वकिलाला तर निकालावर फी ठरवायला, मिळकतीत वाटा मागायला बार कौन्सिलचीच बंदी. अमेरिकेत अपंगत्वाच्या सरकारी लाभाच्या दाव्यात असा वाटा चालतो. पण तिथेही थकबाकीच्या २५ टक्क्यांच्या वर जायचं नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कमाल मर्यादा ९,२०० डॉलर ठरली. तुमच्यावर मात्र कसलीच मर्यादा नाही, कारण तुम्ही ना वकील ना प्रतिनिधी. तुम्ही म्हणजे निव्वळ समाजसेवा.

राहता राहिली चपला झिजण्याची गोष्ट. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, कारण ‘फुकटचा वकील फुकटच जातो’ हे तुम्हीच त्याच्या आईला, न विचारता, दोनदा सांगितलंत. जे दुकान चालत नाही त्याची इतकी धास्ती कुणी घेत नाही, भाई.

बडोद्याचं कोर्ट पूर्वी सुरसागरच्या काठी न्यायमंदिरात होतं, आता दिवाळीपुऱ्यात आहे. अर्ज तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तुमचा स्टॅम्पपेपरही सोबत जोडतो आहोत. त्यावर तुमचं अक्षर आहे, आणि साक्षीदार म्हणून तुमची सहीसुद्धा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
बाजव्यातला एक शेजारी

ता. क. हे पत्र एजंटभाईंच्या आधी दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं, तर त्याच्यासाठी: दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. कशावरही अंगठा उठवण्याआधी १५१०० हा नंबर फिरवा.